घड्याळजी पुढे बसले

ऑपरेशननंतर घड्याळजींच्या बायकोचा खांदा बरा झाला, म्हणजे जेवण्यापुरता, केस विंचरण्यापुरता आणि कपडे वाळत घालण्यापुरता बरा झाला. मोटरसायकलचं विचारल्यावर मात्र डॉक्टरांनी मान हलवली. "हँडलचा झटका हा खांदा आता सोसणार नाही. चालवणं विसरा."  घरी येऊन तिने गाडीची किल्ली खिळ्याला अडकवली आणि जिन्याखाली उभ्या असलेल्या गाडीवर एक जुनी चादर टाकली.

ही जोडी सगळ्यांच्या ओळखीची होती, कारण गाडी ती चालवायची आणि मागे हे बसायचे. ती औषधांच्या घाऊक दुकानात कामाला होती आणि आसपासच्या गावांतल्या दुकानांना औषधं पोचवायची. घड्याळजी मोठी घड्याळं दुरुस्त करायचे. शाळांची, कचेऱ्यांची, मनोऱ्यांवरची. तिची खेप ज्या गावाला, त्या गावचं घड्याळ त्या दिवशी, असा हिशेब लग्नापासून चालत आला होता. मांडीवर हत्यारांची पिशवी धरून घड्याळजी मागे बसायचे आणि वाटभर बोलायचे. लोक चेष्टा करायचे, "काय घड्याळजी, आज कुठे नेतायत तुम्हाला?" हे खुशाल सांगायचे, "नेईल तिथे."

डॉक्टरांनी मान हलवली त्याच महिन्यात डोंगरावरच्या एका गावातून फोन आला. शाळेच्या मनोऱ्यावरचं घड्याळ बंद पडलं होतं. बस अर्ध्या वाटेपर्यंतच जायची.

"मी येतो," घड्याळजी फोनवर म्हणाले. "पण जरा वेळ लागेल."

"येतो कसे?" बायकोने विचारलं. "उडत?"

"गाडीने. शिकेन की."

"चोपन्नाव्या वर्षी?"

"मग पंचावन्नाव्या वर्षी शिकू?"

खरं सांगायचं तर मनोऱ्याचं घड्याळ हे निमित्त होतं. आदल्या दिवशी ती बाहेर गेलेली असताना घड्याळजींनी चादर काढली होती आणि आयुष्यात पहिल्यांदा ते त्या गाडीवर पुढे बसले होते. जिन्याखालच्या अंधारात, समोर भिंत. तरी त्यांना गंमत वाटली. इतकी वर्षं त्यांनी रस्ता पाहिला होता तो नुसता कडेने पळणारा. समोर कायम बायकोचं हेल्मेट. पुढून रस्ता दिसतो तरी कसा? आणि ही दोन चाकांची वस्तू, जी उभी केली तर स्टँडशिवाय आडवी होते, ती चालायला लागली की का पडत नाही? घड्याळातला दात्यादात्याचा हिशेब त्यांना पाठ होता, आणि ज्यावर रोज बसलो त्याचं काहीच ठाऊक नाही, हे त्यांच्या मनाला कुठेतरी लागून राहिलं.

शिकाऊ लायसन्स हातात आलं आणि पहिले धडे बायकोनेच दिले, घरामागच्या बोळात.

"क्लच हळू सोडा. हळू. अहो, हळू म्हणजे हळू! हे सोडणं नाही, हे टाकून देणं आहे!"

गाडीने बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली. पुन्हा चालू, पुन्हा उडी. चौथ्या उडीला गाडी शेजाऱ्यांच्या कुंड्यांकडे निघाली, बायकोने धावत जाऊन हँडल पकडलं आणि पुढच्याच क्षणी ती खांदा दाबून खाली बसली. डोळ्यांत पाणी. घड्याळजी गाडी तशीच आडवी टाकून तिच्याजवळ गेले.

"मी शिकवलं तर एक तर तुमचं काहीतरी मोडेल, नाहीतर माझं," ती थोड्या वेळाने म्हणाली. "कुणीतरी शिकवणारं शोधा."

शिकवणारी मिळाली ती शिट्टी. तिचं खरं नाव कुणी वापरत नसे. पस्तिशीची बाई, उन्हाने रापलेली, गळ्यात कायम शिट्टी. सुट्टीच्या दिवशी बाजाराचं मोठं आवार रिकामं असायचं, तिथे ती प्लास्टिकचे शंकू मांडून शिकवायची. पहिल्या दिवशी तिने गाडी चालूच करू दिली नाही. सगळ्यांना नुसती ढकलायला लावली, स्टँडवर चढवायला आणि उतरवायला लावली, टायर दाबून बघायला, साखळीचा ढिलेपणा तपासायला, दिवे लावून विझवायला लावले. मग प्रत्येकाच्या हेल्मेटचा पट्टा ओढून पाहिला.

"हे काय आहे? हार घातलाय गळ्यात? पट्टा हनुवटीखाली घट्ट पाहिजे. पडलात तर हेल्मेट आधी घरी पोचेल आणि तुम्ही मागून."

घड्याळजींनी हात वर केला. "पडताना ते नेमकं कसं निसटतं?"

शिट्टीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. असे हात वर करणारे तिच्याकडे फारसे यायचे नाहीत.

पुढचा ब्रेक शिकवताना ती म्हणाली, "लिंबू पिळतो तसा दाबायचा, चढवत चढवत. हिसका द्यायचा नाही." घड्याळजींचा हात वर. "पण पुढचा दाबला तर माणूस पुढे फेकला जाईल ना? मागचा बरा नाही का?"

"थांबताना तुमचं वजन कुठे जातं?"

"पुढे."

"मग मागच्या चाकाकडे धरून ठेवायला काय उरलं?"

घड्याळजींनी विचार केला, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की बाकीचे शिकणारे हसायला लागले. त्या दिवसापासून हात वर झाला की कुणीतरी म्हणायचंच, "झालं, घड्याळजींचं 'का' सुरू झालं."

एका 'का'चं उत्तर मात्र शिट्टीकडेही नव्हतं. ती सांगायची, जरा वेगात असताना डावीकडे वळायचं तर डाव्या मुठीला पुढे ढकला. सगळे ढकलायचे आणि गाडी वळायची. घड्याळजींनी उभ्या गाडीवर बसून डावी मूठ पुढे ढकलून पाहिली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"बाई, जरा इकडे या. डावी मूठ पुढे गेली की चाक कुठे वळतं, बघा."

शिट्टी वाकून बघू लागली. चाक उजवीकडे वळलं होतं.

"म्हणजे डावीकडे जायला आपण चाक उजवीकडे वळवतो," घड्याळजी म्हणाले.

"छे! असं कसं असेल?"

"मीही तेच विचारतोय."

तिने स्वतःची गाडी काढली. आवाराच्या लांब बाजूने वेग घेतला आणि दोन्ही तळवे उघडे ठेवून, मुठी न आवळता, डाव्या हाताने नुसतं हलकं पुढे ढकललं. गाडी डावीकडे कलली आणि डावीकडेच गेली. परत आली. मग चालण्याच्या वेगाने तेच केलं, तर गाडी निमूटपणे उजवीकडे वळली आणि तिला पाय टेकवावा लागला. ती पुन्हा वेगात गेली, पुन्हा सावकाश. बाकीचे शिकणारे उन्हात ताटकळत उभे होते, पण तिला भान नव्हतं. शेवटी ती हेल्मेट काढून घड्याळजींसमोर उभी राहिली. केस घामाने चिकटलेले.

"इतकी वर्षं मी हे रोज करतेय," ती म्हणाली, "आणि माझे हात काय करतायत ते मला माहीत नव्हतं."

"चाक त्या बाजूला गेलं की वरचा भार उलट्या बाजूला पडत असणार," घड्याळजी म्हणाले. "आणि गाडी कलली, की कलेल तिकडे वळते. असं मला वाटतं. खात्री नाही."

"मलाही नाही," शिट्टी म्हणाली. "पण पुढच्या सुट्टीला जरा लवकर या. मला अजून बघायचंय."

यानंतर दोघांची चांगली गट्टी जमली. घड्याळजींची गाडी आता उड्या मारत नव्हती. शंकूंमधून नागमोडी जाणं, आठचा आकडा काढणं, शिट्टी वाजली की जागच्या जागी थांबणं, सगळं जमू लागलं. टेस्टच्या दिवशी बायकोने त्यांच्या जॅकेटची चेन वरपर्यंत ओढली आणि म्हणाली, "घाई करू नका."

टेस्ट घेणारे साहेब किरकोळ बांध्याचे, कमी बोलणारे गृहस्थ होते. आधी कचेरीच्या आवारातला भाग झाला. आठ नीट निघाला, पाय टेकला नाही, ब्रेक लागला. मग रस्त्यावर जायचं होतं. घड्याळजी पुढे, साहेब आपल्या गाडीवर मागे. दोन वळणं झाली, एक चौक झाला. मग वाचनालयाची इमारत आली, आणि तिच्या माथ्यावरचं घड्याळ.

थोड्या वेळाने साहेबांनी हॉर्न वाजवून त्यांना कडेला घेतलं.

"मागे थांबण्याची पाटी होती. पाहिलीत?"

"नाही."

"बाजूच्या रस्त्याने सिमेंटचा ट्रक येत होता. त्याने ब्रेक मारला म्हणून आपण हे बोलतोय. तो पाहिलात?"

"नाही," घड्याळजी म्हणाले. 

"मग पाहत काय होतात?"

"घड्याळ. त्याचा मिनिटकाटा घसरतोय, साहेब. कुणीतरी वर चढून बघायला पाहिजे."

साहेबांनी कागदावर खूण केली. "नापास," ते म्हणाले, आणि मग काहीशा नरमाईने, "गाडी चांगली चालवता. पण रस्त्यावर नसता तुम्ही."

घरी आल्यावर घड्याळजींना नापास झाल्याचं तितकंसं वाटत नव्हतं. त्यांना तो ट्रक छळत होता. बायकोला सगळं सांगताना ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "एवढा मोठा ट्रक गं. आवाज करणारा. आणि मला दिसलाच नाही. माझे डोळे काय करत होते?"

ती हसेल असं त्यांना वाटलं होतं. ती हसली नाही. "उद्या माझ्याबरोबर बसने चला," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोघं बसमध्ये सगळ्यात पुढच्या बाकावर बसली. समोर मोठी काच आणि पूर्ण रस्ता.

"काय दिसतंय?" बायकोने विचारलं.

"रस्ता."

"रस्त्यात काय?"

"गाड्या. माणसं. झाडं."

"ती पांढरी व्हॅन उभी आहे ना, तिच्या खाली बघा."

घड्याळजींनी व्हॅनच्या खाली पाहिलं. चाकांच्या मधून दोन पाय दिसत होते. पुढच्याच क्षणी व्हॅनच्या आडून एक बाई रस्त्यात आली आणि बसवाल्याने वेग कमी केला.

"आता ती निळी मोटार. काय करेल?"

"सरळ जाईल. इंडिकेटर नाहीये."

"इंडिकेटर सोडा. पुढचं चाक बघा."

चाक किंचित वळलेलं होतं. मोटार वळली. घड्याळजी बाकावरून पुढे सरकले. आता बायको नुसती बोटाने दाखवत होती. वळणावर सांडलेली वाळू, तिथे कलायचं नाही. गटाराच्या झाकणाचं लोखंड, ओलं असेल तर निसरडं. दुकानासमोर उभ्या गाडीत चालक बसलाय का, आरशात त्याचा चेहरा दिसतोय का. चेहरा दिसत नसेल तर तुम्हीही त्याला दिसत नाही. तो कुत्रा पलीकडे बघतोय, म्हणजे पलीकडे जाणार. ती दोन मुलं बोलतायत, त्यांच्यातला एक उलट्या पावलांनी चालतोय.

घड्याळजींना रस्ता हळूहळू उलगडत गेला. एखाद्या घड्याळाची मागची झडप उघडावी आणि आतली चाकं एकमेकांना ढकलताना दिसावीत, तसं त्यांना झालं. ते स्वतःच बोलू लागले. "तो सायकलवाला मागे वळून बघतोय, म्हणजे आत घेणार... घेतलं! बघ, घेतलं!" मागच्या बाकावरचे लोक त्यांच्याकडे बघू लागले.

"एवढं सगळं तू रोज बघायचीस?" त्यांनी विचारलं.

"मग गाडी काय आपोआप घरी यायची?"

"आणि मी मागून बडबडत असायचो."

"असायचात."

"ऐकू यायचं तुला?"

ती जरा विचार करून म्हणाली, "रस्ता मोकळा असला की यायचं. गर्दी आली की तुमचा आवाज आपोआप बंद व्हायचा. म्हणून तुमच्या बऱ्याच गोष्टींचा शेवट मला माहीतच नाही. त्या कचेरीच्या घड्याळात कबुतरीने अंडी घातली होती, त्याचं पुढे काय झालं?"

"पिल्लं उडेपर्यंत आम्ही घड्याळ बंद ठेवलं. सगळी कचेरी अंदाजाने घरी जायची."

ती मोठ्याने हसली. तेवढ्यात बस मोठ्या वळणावर आली आणि घड्याळजींना दिसलं, की तिचं अंग वळणाच्या बाजूला किंचित कललंय आणि मांडीवर ठेवलेलं उजवं मनगट आपसूक फिरतंय, हवेत रेस देतंय.

"जड जातंय का?" त्यांनी विचारलं.

"हो," ती म्हणाली. मनगट तिने दुसऱ्या हाताने धरलं.  मग म्हणाली, "समोर बघा. शाळा आली."

अशा पुष्कळ फेऱ्या झाल्या. शिट्टीला हे कळलं तेव्हा तिने ते लगेच उचललं. आता ती मागून आपल्या गाडीवर यायची आणि घड्याळजींनी दिसेल ते मोठ्याने बोलत चालवायचं. "खड्डा. आरशात रिक्षा. उजवीकडे दार उघडं. खांद्यावरून मागे बघतो, मोकळं आहे, इंडिकेटर, जातो." हेल्मेटमधून येणारा हा आवाज ऐकून लोक वळून बघायचे. घड्याळजींना त्याचं काही नव्हतं. जिकडे बघू तिकडे गाडी जाते, हे शिट्टीचं नेहमीचं वाक्य त्यांना आता कळलं होतं. बघायचं बंद करायचं नव्हतं, काय बघायचं ते निवडायचं होतं, आणि निवडायला इतकं होतं की कंटाळ्याला जागाच नव्हती.

दुसऱ्या टेस्टला तेच साहेब आले. त्यांनी ओळख दाखवली नाही. आवारातला भाग पुन्हा झाला. या वेळी त्यांनी दुसराच रस्ता घेतला. बाजाराच्या तोंडाशी रस्ता मोकळा होता, समोरून काही नाही, कडेला एक टॅक्सी उभी. घड्याळजींनी वेग कमी केला, टॅक्सीपासून हातभर जास्त लांब झाले आणि दोन बोटं ब्रेकवर ठेवली. साहेबांना मागून काही कारण दिसलं नसावं, कारण त्यांनी हॉर्न वाजवला. त्याच क्षणी टॅक्सी काहीही न दाखवता सुटली आणि रस्त्याच्या मधोमध आली. घड्याळजींनी लिंबू पिळलं. गाडीचं नाक खाली गेलं, मागचं चाक जमिनीवरच राहिलं, आणि ती टॅक्सीच्या मागे, चांगली जागा ठेवून, थांबली.

फेरी संपल्यावर साहेबांनी विचारलं, "टॅक्सी निघणार हे तुम्हाला कसं कळलं?"

"मागचे दिवे विझले होते, म्हणजे त्याने ब्रेकवरचा पाय काढला. आणि पुढचं चाक बाहेर वळलेलं होतं. शिवाय त्याचं कोपर आधी खिडकीत होतं, ते आत गेलं. आता कोपर आत घेण्याची कारणं दोन असू शकतात, एक म्हणजे..."

"पुरे," साहेब म्हणाले. त्यांना हसू आवरत नव्हतं. "पास आहात. जा."

कचेरीच्या दाराबाहेर शिट्टी उभी होती. तिने तोंडात दोन बोटं न घालता, गळ्यातलीच शिट्टी एवढ्या जोरात वाजवली की रांगेतले दोघेजण दचकले.

लायसन्स हातात आल्यावर पहिल्याच मोकळ्या दिवशी दोघं डोंगरावरच्या गावाला निघाली. हत्यारांची पिशवी बायकोच्या मांडीवर. निघण्याआधी घड्याळजींनी टायर दाबले, साखळी पाहिली, तिच्या हेल्मेटचा पट्टा ओढून पाहिला.

"आता ऐक," ते म्हणाले. "मागे बसण्यातला मी मास्तर आहे. मी कललो की माझ्याबरोबर कलायचं, उलट्या बाजूला जायचं नाही. ज्या बाजूला वळण, त्या बाजूच्या माझ्या खांद्यावरून बघायचं. आणि मध्येच हलायचं नाही."

"बरं," ती म्हणाली, पण तिला ते अजिबात जमेना. पहिला अर्धा रस्ता ती पाय दाबून नसलेला ब्रेक मारत होती. "अहो, ट्रक!" "पाहिला." "वाळू!" "पाहिली." "ती म्हैस—" "अगं, म्हशीने मला पाहिलंय आणि मी म्हशीला." हळूहळू तिचा आवाज कमी झाला. घाट सुरू झाला तेव्हा ती त्यांच्याबरोबर कलू लागली होती. तिची मान आता बाजूला वळली होती. या रस्त्याने ती किती वेळा गेली होती, पण दरी तिने कधी सलग पाहिली नव्हती.

तिसऱ्या वळणानंतर तिने त्यांच्या पाठीवर थाप मारली. "थांबा! मला काहीतरी दिसलं. बोट होती."

"डोंगरावर?"

"शपथ. भिंतीच्या पलीकडे. आख्खी बोट."

घड्याळजींनी आरसा पाहिला, खांद्यावरून मागे पाहिलं, इंडिकेटर दिला आणि गाडी रुंद जागी कडेला घेतली. दोघं चालत मागे आली. भिंतीपलीकडच्या सपाट जागेत खरंच एक बोट पालथी घातलेली होती, नव्या लाकडाची, पिवळीधमक. भोवती तीन-चार सुतार. पाणी जिथवर नजर जाईल तिथवर कुठेच नव्हतं.

"ही इथे कशाला?" बायकोने विचारलं.

"लाकूड इथे मिळतं," त्यांच्यातला दाढीवाला सुतार म्हणाला. "तलाव खाली आहे, डोंगराच्या पायथ्याशी."

"आणि न्यायची कशी?"

दाढीवाल्याने डोकं खाजवलं. "सकाळपासून तेच बघतोय. ट्रॅक्टरला लावून नेऊ म्हणतो."

ती बोटीभोवती एक चक्कर मारून आली. लांबी पावलांनी मोजली. "ट्रॅक्टरला लावून खालच्या वळणात बसणार नाही," ती म्हणाली. "तिथे आतल्या बाजूला कठडा आहे आणि रस्ता बाहेर झुकलेला आहे. त्याच्या वरच्या वळणात बसेल, पण मागचं टोक आधी बाहेर काढावं लागेल." तिने खाली बसून भुशात बोटाने रस्ता काढायला सुरुवात केली. सुतार भोवती उकिडवे बसले.

घड्याळजी थोडा वेळ उभे राहिले. मग त्यांनी तिच्या हातातली हत्यारांची पिशवी अलगद घेतली.

"तुम्ही व्हा पुढे," ती वर न बघता म्हणाली. "येताना मला घ्या."

वरच्या गावापर्यंतचा रस्ता त्यांनी एकट्याने कापला. मागे कुणी नाही, शिट्टी नाही, साहेब नाही. तोंडाने ते अजूनही बोलत होते, "वळण. ओलसर कडा. समोरून दूधवाला," आणि ऐकणारं कुणी नाही हे लक्षात आल्यावरही त्यांनी थांबवलं नाही. शाळेच्या घड्याळाचा लंबक टांगायचा आकडा गंजून तुटला होता. ते काम सावकाश झालं. मुलांनी खालून टाळ्या वाजवल्या.

परतताना भिंतीशी गाडी थांबवली तेव्हा उन्हं उतरली होती. बोट आता सरळ केलेली होती आणि तिच्या पोटाखाली गोल ओंडके घातलेले होते. बायको बाहेर येऊन रस्त्याच्या कडेलाच उभी होती. पदर भुशाने भरलेला, चेहरा लाल. घड्याळजींनी हेल्मेटचा पट्टा सोडायच्या आत ती म्हणाली, "कठड्याजवळचा तो खांब काढावा लागणार. चला, वाटेत दाखवते. पण जरा हळू घ्या, मला त्याचं बूड बघायचंय."